तुमचे प्रश्न : २२ माणसं घेऊन जुन्या घरात राहायला जायचंय

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या आजीला डिसेंबरमधे ८० पूर्ण होतायत, आम्ही सगळे मिळून २२ जण आहोत, त्यात ५ लहान मुलं आणि ४ जण सत्तरीच्या पुढचे. गोव्यात रिसॉर्ट न घेता एखादं जुनं घर, जिथे मालकांचं कुटुंब स्वतः राहतं, ते ३ दिवस पूर्ण घ्यावं असं माझ्या फार मनात आहे. पण घरचे म्हणतात अशा ठिकाणी सोयी नसतात. आणि एका घराच्या जाहिरातीत ३०० वर्षांचं घर असं लिहिलंय, ते खरं की खोटं कसं कळणार? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जा, नक्की जा. रिसॉर्टमधे २२ माणसं ११ खोल्यांत विखुरतात, सकाळी नाश्त्याला भेटतात आणि परत आपापल्या खोलीत. गोव्याच्या जुन्या घराला पुढे बाल्कांव असतो, म्हणजे पायऱ्या चढून गेलं की दारापुढे दोन्ही बाजूंना दगडी बाकं आणि वर कौलांचं छत, मोठ्या घरांना आत राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक असतो, आणि माणसं आपोआप तिथे येऊन बसतात, कोणाला बोलवायला लागत नाही. आजी एकदा बाल्कांवात बसली की सगळं घर तिच्या भोवती गोळा होणार, आणि तुम्हाला हेच तर हवंय ना.

पण घरच्यांची भीती अगदीच चुकीची नाहीये. आम्ही १७ जण एकदा अशाच एका घरात राहिलो होतो, घर इतकं सुंदर की अजून आठवण येते, पण बाथरूम दोनच आणि त्यातलं एक परसात, आणि हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. सकाळी ७ ला जी रांग लागली ती १० वाजले तरी संपेना आणि माझ्या सासूबाईंना रात्री टॉर्च घेऊन अंगणातून जायला लागलं, मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हा खोल्या किती हे विचारायच्या आधी बाथरूम किती, त्यातली खोलीला लागून किती, कमोड कुठे कुठे आहे आणि तळमजल्यावर झोपायची सोय किती जणांची आहे हे विचारा. जुन्या घरांचे जिने उभे असतात आणि लाकडी, त्यामुळे सत्तरीच्या पुढचे चौघं आणि आजी खालीच हवेत. खाली ५ बेड होत नसतील तर ते घर कितीही आवडलं तरी सोडून द्या.

हे सगळं फोनवर, आणि शक्यतो घरात राहणाऱ्या माणसाशीच बोला. बुकिंग घेणारा मुलगा कधी कधी पणजीत बसलेला असतो, त्याला कुठल्या खोलीत पंखा आवाज करतो ते माहीत नसतं. रात्री किती वाजेपर्यंत गाणी चालतील तेही विचारा, वरच्या लाकडी फरशीवर २२ जणांनी नाचायचं नाही आणि खाली कदाचित त्यांचीही ८० वर्षांची आजी झोपलेली असेल. जेवणाचं म्हणाल तर त्यांच्या घरात जे रोज शिजतं तेच मागा, हॉटेलसारखा मेनू मागू नका, फक्त शाकाहारी किती आणि कोणाला मऊ भात लागतो ते २ दिवस आधी कळवा.

आता ३०० वर्षांचं. मंगलोरी कौलं बघून घर जुनं ठरवू नका, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, म्हणजे त्याच्या आधीच्या घरावर ती असतील तर छप्पर नंतर बदललंय. याचा अर्थ घर नवीन असा नाही, भिंती जुन्या असू शकतात. जांभ्याच्या जाड भिंती, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या, ह्या खुणा बघा. पण सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे मालक घराबद्दल कसं बोलतात. ज्यांनी घर खरंच सांभाळलंय ते पुढचा दिवाणखाना आजोबांच्या वेळचा, मागचं स्वयंपाकघर त्याच्याही आधीचं असं वेगवेगळं सांगतात, कारण ही घरं एकदम बांधलेली नसतातच. केप्याचं पालासियो दो देआंव, म्हणजे तिथलं एक जुनं मोठं घर, १७८७ चं असं ठामपणे सांगता येतं कारण ते कोणी बांधलं ते माहीत आहे. तिथे जेवायला आधी सांगून जाता येतं, चांदोरचं ब्रागांझा घरही बघा, एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन बाजूंना. एक दिवस त्यासाठी ठेवा.

प्रश्न : संगमेश्वरजवळ आमचं पणजोबांचं घर आहे, ओटी, पडवी, माजघर, माळा सगळं जागेवर. चुलत भावंडं मिळून ते ग्रुपला राहायला द्यावं असं चाललंय. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सातबारा आणि घराच्या उताऱ्यापासून. नावं कोणाकोणाची आहेत ते बघा आणि सगळ्यांची लेखी संमती घ्या, लग्न झालेल्या बहिणींचीही, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पहिला हिशोब आला की भांडण होतं, ते आत्ताच बोलून घ्या. घरात राहणार कोण हेही ठरवा, कारण केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाचं कुटुंब तिथेच राहत असावं लागतं आणि जास्तीत जास्त ६ खोल्या, १२ बेड. २५ जणांना माळ्यावर गाद्या घालून झोपवायचा विचार असेल तर तो यात बसत नाही. राज्याच्या न्याहारी निवास योजनेचीही चौकशी करा. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला, अगदी तुमचाच अमेरिकेतला भाचा मित्रांना घेऊन आला आणि पैसे देऊन राहिला तरी, त्याची माहिती २४ तासांत सरकारकडे भरायची असते.

घराला हात लावताना एकच कळकळीची विनंती, चुन्याच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करू नका. जांभा पाणी शोषतो आणि चुन्यातून ते बाहेर पडतं, सिमेंटने ते आत अडकतं आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे निघायला लागतात. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी शोधा. पैसे आधी शौचालयाच्या टाकीवर आणि वायरिंगवर घाला, ८ माणसांच्या घराची टाकी २० जणांत भरून वर येते, आणि ४ गीझर जुन्या वायरवर चालत नाहीत. मे महिन्याची सुट्टी म्हणजे सगळ्यात जास्त मागणी आणि विहिरीला सगळ्यात कमी पाणी, तर या मे मधे रोज सकाळी दोर टाकून पाणी किती हात आहे ते लिहून ठेवा आणि पुढच्या मे चं बुकिंग त्यावरूनच घ्या.