‘आई, सगळे बघतायत!’

“हौसेनं आईला जपान दाखवायला नेलं आणि परत आलो ते एकमेकींशी न बोलता. आता भाऊ पुन्हा बोलावतोय, तर आई म्हणते, तुम्ही दोघं फिरा, मला नको.” 39 वर्षांच्या एका मुलीनं आमच्याकडे समुपदेशनाच्या पहिल्याच सत्रात सांगितलेली ही अडचण. भाऊ नोकरीसाठी टोकियोत, आई 66 वर्षांची, पहिला प्रवास 9 दिवसांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिचा प्रश्न होता, “तिथले रीतिरिवाज आईला समजावायचे कसे?”

हा प्रश्न आई-वडिलांना परदेशी नेणारी बरीच मुलं विचारतात. पण त्यात आई विद्यार्थी आणि मुलगी मास्तरीण हे आधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून मुलीला आधी त्या प्रवासातला एकच दिवस आठवून, आईला काय काय सांगितलं ते शब्दशः लिहायला सांगितलं. “आई, हळू बोल.” “आई, फोन ठेव.” “आई, त्या बाळाच्या गालाला हात लावू नकोस.” “आई, आधी त्यांना उतरू दे.” “आई, सगळे बघतायत!” अशी 11 वाक्यं निघाली. जपानच्या हिशेबानं त्यातलं एकही चूक नाही. तिथे ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, अनोळखी बाळाचा लाड हात लावून करत नाहीत, फलाटावर आखलेल्या रेघांवर रांग लावतात आणि उतरणाऱ्यांना आधी वाट देतात. पण 11 पैकी एकही वाक्य दोघी एकट्या असताना बोललेलं नव्हतं.

आई वेगळ्या सत्रात आल्या. त्या म्हणाल्या, “मला शिकवा की, माझी ना नाही. पण चारचौघांत मला गप्प केलं, ते लागलं.” ज्या बाईनं या मुलीला पाहुण्यांसमोर कसं वागायचं ते शिकवलं, तिलाच आता परक्या लोकांसमोर वळण लावलं जात होतं. त्यांचा विरोध जपानी रीतीला नव्हता, गेलेल्या मानाचं ते दुःख होतं.

त्याच सत्रात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बाजूनं विचारलेला प्रश्न आई दर वेळी पुन्हा विचारून घेत होत्या. ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्यायला सांगितलं, तर दोन्ही कानांत मध्यम श्रवणदोष निघाला. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसेल तर माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, गाडीच्या घरघरीत तर आणखीच. मुलगी ज्याला हट्ट समजत होती, तो कानाचा दोष होता. वयस्कर माणूस मोठ्यानं बोलत असेल तर शिष्टाचार शिकवण्याआधी कान तपासून घ्या, असं आमचं ठाम सांगणं आहे. श्रवणयंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. ते निघायच्या आदल्या दिवशी घेतलं, तर पर्समध्येच राहतं.

खरा घाव मात्र जेवणाचा होता. आई शाकाहारी. मिसो सूप त्यांनी 4 दिवस आवडीनं प्यायलं. पाचव्या दिवशी कळलं की त्यात दाशी, म्हणजे जपानी सुपांसाठी आधी उकळून काढलेलं चवीचं पाणी असतं आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. मुलीला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. “उगाच मनाला लागेल” म्हणून ती बोलली नव्हती. आईला माशापेक्षा हे लपवणं जास्त टोचलं. इथे रीतिरिवाजांची चर्चा थांबवून आधी माफीचं काम करावं लागलं. “मला वाईट वाटतं, पण तू जेवलीच नसतीस” ही माफी नव्हे. ‘पण’च्या आधीचं वाक्य बोलून मुलीनं थांबायचं आणि आई जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, एवढंच ठरलं. त्याला दोन सत्रं गेली. ती गेली नसती तर पुढचं काहीच टिकलं नसतं.

मग तयारी. जपानच्या रीती तीन ढिगांत वाटल्या. ज्यांनी दुसऱ्याला त्रास होतो त्या पाळायच्याच: ट्रेनमध्ये फोनवर न बोलणं, चपलांचे नियम, सामायिक हौदात उतरण्याआधी अंग धुणं. चुकल्या तरी परक्याला माफ असतात त्या जमतील तशा: किती वाकायचं, सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभं राहायचं. तिसऱ्या ढिगात ज्या आईनं नाही पाळल्या तरी चालतात त्या. कोणती रीत कुठे टाकायची हे आईंनी ठरवायचं. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सामायिक हौदात, सगळे कपडे उतरवून उतरावं लागतं. बायकांचा हौद वेगळा असला तरी आईंना ते नको होतं. त्यांनी आशियु निवडलं. त्यात कपडे न उतरवता फक्त पाय गरम पाण्यात सोडून बसतात. काही ठिकाणी काशिकिरी, म्हणजे ठरावीक वेळेपुरती फक्त आपल्यासाठी राखून ठेवता येणारी न्हाणी असते. तोही पर्याय त्यांनी स्वतःच खुला ठेवला.

सरावात चित्र पालटलं. जपानी न्हाणीत बुटक्या स्टुलावर बसून, छोट्या बादलीनं पाणी घेऊन आधी अंग स्वच्छ करतात, साबण पूर्ण धुतात आणि मगच हौदात उतरतात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत. हे ऐकून आई म्हणाल्या, “म्हणजे पाटावर बसून तांब्यानं अंघोळ. त्यात शिकवायचं काय?” चपला दाराशी काढणं, जमिनीवर बसणं, दोन्ही हातांनी वस्तू घेणं, यातलं त्यांना काय नवीन? भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचत नाहीत, कारण मृतापुढे ठेवलेल्या भातात तशा खोचतात. चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर घास देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. आईंना एवढं कारण पुरलं. पिंडाचा भात माहीत असलेल्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही. नुसती मनाई सांगितली की माणूस विसरतो. तिच्यामागचं कारण कळलं की लक्षात राहतं.

चपलांचा सराव मात्र हातापायांनीच केला, रोज 15 मिनिटं, चार संध्याकाळी. दारात बूट काढून टोकं बाहेरच्या दिशेला, आत स्लिपर, तातामी, म्हणजे जपानी खोलीतली गवती बैठक, म्हणून अंथरलेल्या चटईवर स्लिपरही नाही, आणि संडासात तिथलीच वेगळी स्लिपर. हमखास चूक शेवटच्या पायरीला होते, संडासातली स्लिपर घालून माणूस थेट खोलीत येतो. पहिल्या संध्याकाळी दोघींनीही ती चूक केली. मुलीनं केली हे फार बरं झालं.

चारचौघांत बोलायचं नाही, तर खूण हवी. खूण आईंनी ठरवली: कोपराला दोनदा बोट म्हणजे आवाज कमी. त्यांचीही एक खूण: पर्सचा पट्टा घट्ट धरला की आता बसायचं. एका दिवसात मुलीनं जास्तीत जास्त तीनदा खूण करायची, बाकीचं सोडून द्यायचं. घरच्यांशी बोलायची वेळही ठरली. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले संध्याकाळचे सहा. खोलीतून निवांत बोलायचं, म्हणजे ट्रेनमध्ये फोन काढायची वेळच येत नाही.

औषधांत हयगय चालत नाही. जपानमध्ये स्वतःसाठी डॉक्टरांनी लिहिलेली औषधं सर्वसाधारणपणे एक महिन्याची नेता येतात, जास्त हवी असल्यास आधी परवानगी काढावी लागते. 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेताच येत नाहीत. खोकल्याच्या बाटलीवर कोडीन लिहिलेलं असेल तर ती घरीच ठेवावी. रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ साडेतीन तासांनी कशी सरकवायची, ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतलं.

जेवणासाठी ‘मासे, मांस आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड भावानं करून दिलं. ते आईंच्याच पर्समध्ये राहिलं आणि त्याच दाखवत. कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशी त्यांना चालते. एक मुक्काम कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरच्या मंदिरात ठरवला, कारण तिथे शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण मिळतं.

दुसरा प्रवास निर्विघ्न झाला नाही. पहिल्याच दिवशी तासाभरात मुलीनं सहा खुणा केल्या आणि आईंनी हात मागे घेतला. रात्री त्यावर बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी एका देवळापाशी आईंनी पर्सचा पट्टा धरला. मुलीला अजून एक दालन पाहायचं होतं. तिनं पाहिलं, आणि परत येईपर्यंत आई रागावल्या होत्या. नव्या ठिकाणी प्रत्येक कृती विचार करून करावी लागते, त्यानं पायांआधी मन थकतं. पुढचे दिवस सकाळी एकच ठिकाण, दोन वाजता खोलीवर, संध्याकाळ आईंच्या मर्जीवर, असे ठेवले.

हाकोने या गरम झऱ्यांच्या गावी आईंनी काशिकिरी न्हाणी घ्यायची ठरवली. आत दोघीच. मुलीनं सवयीनं टॉवेल हौदात बुडवला. आईंनी तिच्या कोपराला दोनदा बोट लावलं.