अनुभवी मिस्त्री असताना परवानावाला वायरमनच कशाला हवा?

तुम्ही विचारलंय की घराचं वायरिंग नव्याने करायचंय, ओळखीचा मिस्त्री वर्षानुवर्षं हेच काम करतोय, मग जास्त पैसे मोजून परवानावाल्याला का बोलवायचं? परवाना म्हणजे शेवटी कागदच ना? मी आयटीआयमधून वायरमन ट्रेड केला, पुढे सुपरवायझरचा परवाना काढला, आणि आजही साइटवर स्वतः काम करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागे एका जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमधून बोलावणं आलं. गीझरला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. त्या घरात गीझर बदलूनही झाला होता. माझ्यासोबत एक वयस्कर वायरमन होते. त्यांनी गीझरकडे बघितलंच नाही, आधी डीबी, म्हणजे घरातले सगळे ब्रेकर असतात ती पेटी, उघडली. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा ब्रेकर, बसवलेला होता, पण बायपास केलेला, म्हणजे वायर त्याला वळसा घालून नेलेली. "सारखा ट्रिप व्हायचा, मिस्त्री म्हणाले पीस खराब आहे," घरातल्या काकूंनी सांगितलं. मग माझ्यासोबतच्या वायरमनकाकांनी मेन बंद करून गीझरचं सॉकेट खोललं. तिथपर्यंत अर्थची, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी, वायर ओढलेलीच नव्हती. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या, टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलवर बोटभर वायरचा तुकडा मारून ठेवला होता.

आरसीसीबी अजिबात खराब नव्हता. त्या तुकड्यामुळे न्यूट्रलचा थोडा करंट गीझरच्या बॉडीतून पाण्याच्या लोखंडी (जीआय) पाइपवाटे जमिनीत जात होता. जाणारा आणि परत येणारा करंट जुळला नाही की आरसीसीबी पडतो, तेच त्याचं काम. तो बायपास झाला, पुढे न्यूट्रलचा जोड ढिला पडला आणि बॉडीत करंट उतरायला लागला. एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा साधा ब्रेकर, यात मदतीला येत नाही. माणसाच्या अंगातून ५० ते १०० मिलीअँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही. घरात बसवतात तो आरसीसीबी ३० मिलीअँपिअरच्या आत तोडतो.

आता त्या घराचं वायरिंग केलेल्या मिस्त्रीचं काम बघाल तर पाइप सरळ, बोर्ड लेव्हलमध्ये, फिनिशिंग सुरेख. अनुभवही दांडगा. पण दिवे लागले, गीझर तापला म्हणजे काम झालं, असं धरून चाललं की आतली चूक वर्षानुवर्षं तशीच पुढच्या घरी जाते, कारण तपासणारं कोणी नसतं. माझ्यासोबतचे वायरमनकाकाही फार शिकलेले नव्हते, पण वायरमनची परीक्षा देऊन परवाना घेतलेले, आणि काम संपलं की मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावल्याशिवाय पक्कड पिशवीत न टाकणारे. असा माणूस मिळाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

कायदा तर जुनाच आहे. १९५६ च्या विद्युत नियमांतला ४५ वा नियम हेच सांगायचा, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही ते कायम आहे: काम परवानाधारक ठेकेदाराचं, देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरची, आणि प्रत्यक्ष हात परवाना असलेल्या वायरमनचा. जळालेला दिवा, पंखा, बिघडलेला स्विच बदलायला हे लागत नाही. नवीन गीझर पॉइंट काढायला लागतं.

माझा खरा राग आहे तो सह्या विकणाऱ्यांवर. नवीन मीटरसाठी ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. काही ठेकेदार साइटचं तोंडही न बघता तो भरून देतात, इन्सुलेशनचं रीडिंगसुद्धा टेबलावर बसून लिहितात. परवाना म्हणजे नुसता कागद असं तुम्हाला वाटतं ते अशा लोकांमुळे. परवाना असणं म्हणजे उद्या काही झालं तर जाब देणारा माणूस असणं. त्याने काम पाहिलंच नसेल तर जाब कसला देणार?

तुमच्या मिस्त्रीला घालवा असं मी म्हणत नाही. परवानाधारक ठेकेदार धरा आणि त्याला विचारा की या मिस्त्रीला तुमच्या वायरमनच्या हाताखाली घ्याल का. मिस्त्रीला परीक्षेला बसायला सांगा, त्याची रोजची मजुरीही वाढेल. ठेकेदाराचा परवाना क्रमांक बिलावर घ्या. भिंतीतल्या झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक सॉकेटच्या बॉक्समध्ये अर्थची हिरवी वायर आली आहे का ते स्वतः बघा, फोटो काढून ठेवा. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. एक मेगओहमच्या खाली आलं तर दोष सापडेपर्यंत उरलेले पैसे देऊ नका.