कर्ज आधी फेडायचं की आधी हिशेब मांडायचा?

क्रिकेटच्या सट्ट्यात अडकलेल्या माणसाचे घरचे समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, एकदाचं सगळं कर्ज फेडून टाकतो आणि देवासमोर शपथ घ्यायला लावतो. मग सुटेल ना?" आईवडील विचारतात, बायको विचारते, कधी मोठा भाऊ. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी सांगते, आत्ता एक रुपयाही देऊ नका. ते का, हे समजावं म्हणून एका घराची हकिकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगा पस्तिशीचा, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला. घर मानेवाड्याकडे. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, सून खासगी शाळेत शिक्षिका, पदरी एक लहान मुलगी. दारू नाही, तंबाखूचा खर्रासुद्धा नाही. "काही शौक नाही जी त्याला," वडील म्हणाले, "नुसत्या मॅची पाहत राहते."

त्याही कसोटीच्या. घरच्यांना आधी याचं कौतुकच होतं. आयपीएलच्या गोंगाटात न रमता कसोटी पाहणारा माणूस जाणकार समजला जातो, आणि तो होताही. पण सट्टा घेणाऱ्यांना कसोटीइतका सोयीचा खेळ दुसरा नाही. पाच दिवस, रोजची तीन सत्रं, त्या सत्रांचे पुन्हा तुकडे: पुढच्या दहा षटकांत किती धावा, पुढची विकेट किती धावांवर, पहिल्या डावात आघाडी कोणाची. ट्वेंटी-20 चार तासांत आटोपते आणि माणूस झोपतो तरी. मेलबर्नची कसोटी आपल्याकडे पहाटे 5 वाजता सुरू होते, इंग्लंडमधली दुपारी साडेतीनला, वेस्ट इंडीजमधली संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. भारत खेळत नसला तरी कुठे ना कुठे कोणीतरी खेळत असतंच. हा पहाटे उठून गॅलरीत दबक्या आवाजात फोनवर बोलायचा. दुपारी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये अर्धा-अर्धा तास. "मला वाटलं, बाहेर काही भानगड आहे," ताई, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या. वर्षभर त्या याच समजुतीत जळत होत्या, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

सुरुवात नागपूरच्या जामठा मैदानावर झाली. फेब्रुवारी 2023 ची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. खेळपट्टी फिरकीला साथ देणार, मॅच चौथ्या दिवशी जाणार नाही, हा त्याचा अंदाज. ऑफिसमधल्या एकाने सट्टा लावायचा ऑनलाइन आयडी काढून दिला होता. ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात 91 वर गारद झाली, भारत एक डाव आणि 132 धावांनी जिंकला, तेही तिसऱ्याच दिवशी. त्याला तीन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे मिळाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच मालिकेची इंदूरची कसोटी आली. पुन्हा फिरकीची खेळपट्टी, पुन्हा तेच गणित, या वेळी रक्कम मोठी. भारत पहिल्या डावात 109 वर आटोपला आणि ऑस्ट्रेलिया 9 गडी राखून जिंकली. खेळपट्टीचा अंदाज दोन्ही वेळा बरोबर होता. पैसे एकदाच आले. त्या दिवसापासून तो जिंकण्यासाठी खेळत नव्हता, गेलेलं परत आणण्यासाठी खेळत होता. सट्टेबाजाचं घर इथून पुढे बुडतं. हरलेली रक्कम त्याला खर्च वाटत नाही, ती त्याला अडकून पडलेली वाटते.

सुरुवातीच्या मोठ्या जितीला मी म्हणूनच सगळ्यात जास्त घाबरते. पहिल्या फटक्यात हरलेला बरेचदा तिथेच थांबतो. जिंकलेल्याला वाटतं, हे मला जमतं.

दुसऱ्या भेटीत त्याने एक वही आणली. दोनशे पानी, लांब. मी अशी नोंद क्वचितच पाहिली आहे. तारीख, मैदान, नाणेफेक, सत्रागणिक धावा आणि विकेट, नवा चेंडू कितव्या षटकात घेतला, ढग होते का, सगळं सुवाच्य अक्षरात. मी पानं उलटत गेले आणि विचारलं, "यात पैशाचा रकाना कुठे आहे?" तो गप्प. दिवसभर कंपनीची पै-पै जुळवणाऱ्या माणसाच्या वहीत स्वतःच्या पैशाची एक ओळ नव्हती. जितलेले आकडे त्याला तोंडपाठ होते, हरलेले आठवत नव्हते. तो खोटं बोलत नव्हता. जीत माणूस मिरवतो, हार लवकरात लवकर विसरायला बघतो. हे भल्याभल्यांचं होतं.

मग बँकेची विवरणपत्रं मागवली. पुढच्या भेटीत तो आणि ताई शेजारी बसून बेरीज करत होते, लाल पेन ताईंच्या हातात. त्याने आदल्या दिवशी मला "दोनेक लाख" सांगितलं होतं. बेरीज 6 लाख 40 हजारांवर गेली. त्यात पतसंस्थेचं कर्ज होतं, दोन लोन ॲप होती, दोन सहकाऱ्यांची उसनवारी होती आणि सट्टेवाल्याची उधारी होती. ताई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलीच्या नावाचं खातं शाबूत आहे का?" ते शाबूत होतं.

वडील त्या वेळी एफडी मोडायला निघाले होते. समजा मोडली असती, तर त्यांनी दोन लाख दिले असते, कारण त्यांना तेवढंच माहीत होतं. उरलेले चार लाख चाळीस हजार लपूनच राहिले असते आणि ते फेडायला त्याने पुन्हा पुढच्या मालिकेची वाट पाहिली असती. हिशेब उघडा पडण्याआधी दिलेला पैसा सट्ट्यातच जातो. शपथेचंही तसंच. शपथ घेताना माणूस मनापासून घेतो. मोडली की तेही लपवतो, आणि आता त्याला दोन गोष्टी लपवायच्या असतात.

कर्ज कर्जात फरक असतो, हेही काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, माहीत नव्हतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. म्हणजे खयवाडी करणाऱ्याला, सट्टा घेणाऱ्याला, वसुलीसाठी कोर्टाची वाट बंद, त्याच्याकडे फक्त धमकी उरते. धमकीसाठी पोलीस आहेत, आणि त्याआधी एखादा भरवशाचा वकील गाठावा. पतसंस्था आणि सहकाऱ्यांचे पैसे मात्र द्यायचेच, आणि ते त्याच्याच पगारातून, हप्त्याने. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तरी चोरटे आयडी आणि नवी नवी ॲप फिरतच असतात. कायदा झाला म्हणजे आपला माणूस सुटला, असं घरच्यांनी धरून चालू नये.

"पण मॅडम, मला खेळ कळतो," हे तो शेवटपर्यंत म्हणत होता. मी नाकारलं नाही, गणित मांडलं. 100 लावून जिंकल्यावर ते 100 परत आणि वर 90 मिळत असतील, तर 100 पैकी 52 वेळा बरोबर येऊनही तुम्ही तोट्यात. टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, ते वेगळंच. आणि याच नागपुरात मार्च 2000 च्या एकदिवसीय सामन्याआधी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने आपल्याच संघातल्या हर्शेल गिब्जला 20 च्या आत बाद होण्यासाठी 15 हजार डॉलर देऊ केले होते. गिब्जने कबूल केलं, आणि मैदानात उतरून 74 धावा केल्या. जो स्वतः बॅट धरून उभा होता त्याचाही आकडा ठरल्याप्रमाणे आला नाही. त्या दिवशी घरी बसून गिब्जवर पैसे लावणाऱ्या जाणकाराला यातलं काय कळलं असतं? यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

एक प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारते, त्यालाही एकट्याला विचारला: जीव द्यावासा वाटला का? त्याने होकारार्थी मान हलवली. इंदूरनंतर एका रात्री, फुटाळा तलावावर. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने तो बाहेर येतो. त्याच आठवड्यात त्याला मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात पाठवलं, झोप आणि उदासीनतेवर उपचार सुरू झाले. सट्ट्याची ही लत जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. तोवर ते त्याला नालायक म्हणत होते. रात्री-बेरात्री कोणाला असं वाटलं, तर 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. घरच्यांनीही लावला तरी चालतो.

ठरलं ते असं. पगाराचं खातं ताईंकडे, त्याला रोजच्या खर्चापुरते पैसे रोख. फोनवरून यूपीआय बंद. आयडी देणाऱ्या सहकाऱ्याशी कामापुरतंच बोलणं. आणि त्याच्याच मागणीवरून, निदान वर्षभर थेट सामना पाहायचा नाही. काही जणांना ही अट लागत नाही, पण याचं मन प्रत्येक षटकाला आकडा मांडायचं. स्कोअर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायचा.

मधे एकदा पाय घसरला. इंग्लंडमधली कसोटी चालू होती, मित्राच्या फोनवरून 3 हजार लावले आणि गेले. पण त्याच संध्याकाळी घरी येऊन त्याने ताईंना सांगितलं. काका मला फोन करून म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून का जी?" मी म्हटलं, "नाही काका. या वेळी त्याने तुमच्याआधी स्वतः हिशेब दिला." पतसंस्थेचा हप्ता चालू आहे, एका सहकाऱ्याचे पैसे फिटले आहेत, दुसऱ्याचे दिवाळीपर्यंत फिटतील.