बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्रासोबत व्यवसाय व्यवस्थापन हा मायनर घ्यावा का?

पुढे एमबीए करायचे आहे एवढ्याच कारणासाठी आपण हा मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) घेत असाल, तर माझ्या मते ते कारण पुरेसे नाही. एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते (खुल्या गटासाठी किमान 50 टक्के गुण), आणि मायनरमधले लेखाशास्त्र व विपणन एमबीएच्या पहिल्या वर्षी पुन्हा मुळापासून शिकवले जाते. त्यापेक्षा संख्याशास्त्र अधिक उपयोगी पडेल.

पदवीनंतर थेट नोकरी किंवा स्वतःचा उद्योग करायचा असेल, तर मात्र मायनर जरूर घ्यावा. पण नावावर न जाता अभ्यासक्रम वाचून, आणि त्यात परिव्यय लेखांकन (उत्पादनखर्चाचा हिशेब, कॉस्ट अकाउंटिंग) आहे का हे आधी पाहून. दह्याचे विरजण उत्तम जमणाऱ्या विद्यार्थ्याला 200 ग्रॅमच्या डब्याच्या किमतीत दूध, वीज, फ्रीजचा घसारा आणि दुकानातून परत येणारा आंबलेला माल कसा धरायचा, हे त्याच विषयात कळते. नुसत्या ‘नेतृत्वगुण’ छापाच्या पेपरांनी भरलेला मायनर टाळलेला बरा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या 120 श्रेयांकांपैकी (क्रेडिट) 24 मायनरचे आहेत. तेव्हा त्याच्या तासिका प्रयोगशाळेच्या वेळेवर येत नाहीत ना, हे निवड करण्यापूर्वीच महाविद्यालयात विचारून घ्यावे.