तेरीज जुळते, तरी दुकान तोट्यात कसं?

प्रश्न : मी २००७ची बी.कॉम. लग्नानंतर हिशेब म्हणजे दूध-किराण्याची वही, एवढंच उरलं होतं. यंदा आमच्या तालुक्यातल्या कम्युनिटी कॉलेजात संगणकीय लेखांकनाच्या सहा महिन्यांच्या वर्गाला बसले आहे. वर्गात बाकी सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुलं, त्यांची बोटं भराभर चालतात. सरावासाठी मी दिरांच्या भांड्यांच्या दुकानाचा एप्रिल महिना टॅली या हिशेबाच्या संगणक-प्रणालीत भरला. महिनाअखेरचा माल स्वतः मोजून त्याची किंमत घातली. तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा) जुळली, पण नफा-तोटा पत्रकात २१,५०० रुपये तोटा दिसतो. दीर म्हणतात, दुकान बरं चाललंय. शिवाय निपाणीच्या एका दुकानदाराला माल पोचवला होता, त्याचं बिल बिलबुकात होतं तसंच सीजीएसटी-एसजीएसटी लावून भरलं. सर चूक म्हणाले, पण कारण सांगायच्या आत तास संपला. काही नोंदी सोबत पाठवते. मला सीएच्या ऑफिसात काम करायचंय. आधी वेग वाढवू का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ताई, शिल्लक माल तुम्ही स्वतः मोजलात हे वाचून फार बरं वाटलं. वर्गातली बरीच मुलं तो आकडा अंदाजाने घालतात. वेगाचं सोडून द्या. टॅलीतल्या कळा एवढ्या ध्यानात ठेवा : एफ४ कॉन्ट्रा (रोख-बँक यांच्यातली अदलाबदल), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. रोज तासभर बसलात तर पंधरा दिवसांत बोटं आपोआप तिथे जातील.

आता तोट्याचं. मी १९८४ साली इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे लाल कापडी बांधणीची कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहायला लागलो. तेव्हा तेरीज जुळली नाही तर खतावणी (खातेवार वही) पहिल्या पानापासून तपासायची, घरी जायचं नाही. टॅलीत तो धाकच नाही. नावे आणि जमा बाजू सारखी झाल्याशिवाय ते व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, घेतच नाही, मग तेरीज जुळणारच. पण रक्कम कुठल्या सदरात जायला हवी होती, हे त्याला ठाऊक नसतं. पहिल्या वर्षाला 'तत्त्वाच्या चुका' शिकला असाल, त्या याच.

तुमच्या नोंदींत मला अशा तीन दिसल्या. काचेच्या कपाटाचे ३६,००० तुम्ही 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये घातलेत. कपाट पुढची कित्येक वर्षं दुकानात राहणार आहे, ती मालमत्ता. एप्रिलच्या नफ्यातून सगळी किंमत कशी वजा होईल? घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, तेवढा वर्षअखेरीस येईल. दिरांनी घरखर्चाला नेलेले १२,००० 'पगार' म्हणून टाकलेत. दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचं, मालक स्वतःला पगार देत नाही. ती उचल, भांडवलातून कमी व्हायची.

तिसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. बँकेचा ९,४०० रुपयांचा हप्ता तुम्ही पूर्ण खर्चात टाकलात. हप्त्यात दोन गोष्टी असतात : व्याज हा खर्च, मुद्दल म्हणजे कर्जाची फेड. १९९८ साली मालकांनी संगणक आणला, आणि मीही वर्षभराचे हप्ते असेच 'बँक हप्ता' नावाच्या एका खात्यात ढकलले. ताळेबंदात कर्ज एका रुपयाने कमी झालं नव्हतं, ते मार्चअखेरीस लेखापरीक्षकांनी बोट ठेवून दाखवलं. बारा नोंदी फोडायला दोन रात्री लागल्या, आणि त्यांतून जे कळलं ते आधीच्या चौदा वर्षांत कळलं नव्हतं. तुम्ही पाठवलेल्या बँकेच्या तक्त्यात एप्रिलचं मुद्दल ७,१५० आणि व्याज २,२५० आहे. म्हणजे पेमेंट व्हाउचरमध्ये कर्ज खाते नावे ७,१५०, व्याज नावे २,२५०, बँक जमा ९,४००.

बेरीज करा : ३६,०००, १२,००० आणि ७,१५० मिळून ५५,१५० रुपये खर्चात नको होते. ते काढले की २१,५०० तोट्याच्या जागी ३३,६५० नफा येतो. दीर बरोबर सांगत होते.

दुरुस्ती करताना व्हाउचर पुसू नका. नफा-तोटा पत्रकातल्या आकड्यावर एंटर दाबत आत गेलात की थेट मूळ नोंदीपर्यंत पोचता. कपाटाच्या खात्याचा गट बदलून 'फिक्स्ड अॅसेट्स' केलात, की त्यातल्या सगळ्या नोंदी आपोआप तिकडे जातील. उचलीच्या खात्याला नाव नीट द्या आणि 'कॅपिटल अकाउंट'खाली न्या. हप्ता मात्र गट बदलून सुटणार नाही, ते व्हाउचर उघडून दोन भाग करावेच लागतील. हे हाताने एकदा कागदावर मांडा, मग संगणकावर करा.

मुलाखतीला जाल तेव्हा हीच एप्रिलची पत्रकं आधीची आणि नंतरची, दोन्ही घेऊन जा. कम्युनिटी कॉलेजच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकण्याला स्थान असतं, तेव्हा दिरांच्या दुकानाचं काम प्रकल्प म्हणून धरता येईल का, हेही सरांना विचारा. त्या एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी किती जणांकडे खरं बिलबुक आहे?

राहिलं निपाणीचं. तुम्हाला निपाणी कोल्हापूरपेक्षा जवळ, पण मधे राज्याची हद्द आहे. सीजीएसटी-एसजीएसटी हे केंद्राचे आणि राज्याचे कर राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालावर. माल कर्नाटकात पोचवला, म्हणून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर. त्या दुकानदाराच्या खात्यात राज्य कर्नाटक निवडा. त्याच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९ने असेल, आपल्याकडचा २७ने. आणि ही चूक तुमच्या सरावातली नाही, मूळ बिलातलीच आहे. म्हणून दिरांना आजच सांगा. दरमहा विवरण भरत असतील, तर एप्रिलचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरायची मुदत ११ मे. ती उलटली असेल तर पुढच्या विवरणात दुरुस्ती दाखवता येते. त्यांच्या कर सल्लागाराकडे बिलबुक घेऊन तुम्हीच जा.