मूनशाइन म्हणजे चांदणं नव्हे, लोणकढी

भाचा नांदेडला एमएस्सी करतो, त्याला सेमिनार मराठीतून द्यायचाय, तर काल विचारलं की मामा, गणितात दोन लांबच्या शाखांमधल्या एका विचित्र नात्याला 'मॉन्स्ट्रस मूनशाइन' म्हणतात, त्याला 'राक्षसी चांदणं' म्हणलं तर चालंल का.

नाही चालणार रे. ऐकायला लई गोड आहे पण अर्थच पळून जातो. इंग्रजीत मूनशाइन म्हणजे चांदणं तर आहेच, पण शिवाय चोरून गाळलेली दारू, आपली हातभट्टी, आणि तिसरा अर्थ काहीतरीच बाता. गणितवाल्यांना हा तिसरा पाहिजे होता. झालं असं की १९७८ ला जॉन मॅके या गणितज्ञांच्या नजरेस पडलं, नंबर थिअरीतलं, म्हणजे संख्यांच्या गणितातलं, जे-फंक्शन नावाचं सूत्र उलगडून लिहिलं की त्यात १,९६,८८४ हा आकडा येतो, आणि मॉन्स्टर (राक्षस) नावाचा अवाढव्य ग्रुप, म्हणजे सिमेट्रींचा संच (फिरवून-उलटवूनही वस्तू तशीच दिसावी अशा हालचाली), ज्याचा त्या फंक्शनशी काडीचा संबंध वाटत नव्हता, त्याला या हालचाली करून दाखवायला लागणारी सगळ्यात छोटी जागा (अगदी फालतूवाली सोडून) १,९६,८८३ डायमेन्शनची. फरक फक्त एकाचा! ऐकणाऱ्याला वाटणारच, फेकतोय. म्हणून कॉनवे आणि नॉर्टन यांनी १९७९ च्या पेपरला हे नावच देऊन टाकलं.

मला विचारशील तर 'लोणकढी' घे. लोणकढं तूप म्हणजे लोणी कढवून केलेलं ताजं तूप, आणि लोणकढी थाप म्हणजे खरी वाटावी अशी ताजी बंडल. म्हणजे तिकडं दारू नि बाता, इकडं तूप नि थाप, जोडी कशी बसली बघ. 'पहिल्या धारेची थाप' पण सुचलं होतं, हातभट्टी पण आली असती त्यात, पण कॉलेजात सरांसमोर नको.

आता तुझ्या सेमिनारचा मुद्दा, ही थाप खरी निघाली आणि ती पण स्ट्रिंग थिअरीमुळं, म्हणजे सगळं जग बारीक तंतूंचं बनलंय असं मानणाऱ्या भौतिकशास्त्रातल्या कल्पनेमुळं. २४ डायमेन्शनमधे लीच लॅटिस म्हणून एक जाळी आहे, तिच्यावरून गुंडाळलेल्या, वरून परत एकदा दुमडलेल्या जागेत स्ट्रिंग फिरवली की तिच्या सिमेट्रीतून हाच राक्षस बाहेर येतो. बोर्चर्ड्स या गणितज्ञांनी १९९२ ला सिद्धता छापली, त्यात स्ट्रिंगवाल्यांचा २६ डायमेन्शनमधला 'नो-घोस्ट' थिअरम वापरला (घोस्ट म्हणजे शक्यता उणे येणाऱ्या, अर्थ नसलेल्या अवस्था), आणि १९९८ ला गणितातलं मानाचं फील्ड्स मेडल घेतलं.

त्या घोस्टला मात्र सरळ 'भूत' म्हण, तिथं काही अडचण नाही. स्ट्रिंगला 'तंतू' चालंल, 'सुतळी' म्हणू नको, पोरं हसतील.