आमच्या पाचशेनं काय होणार, आणि मालक काय देतात?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत एका खाजगी कंपनीत अकाउंटला आहे. पगार हातात 31 हजार, घरभाडं आणि दोन पोरांची फी गेली की महिनाअखेर उधारीवर चालते. मागच्या महिन्यात एका शाळेला मदत म्हणून कंपनीनं सगळ्यांचा एक दिवसाचा पगार कापला, कुणाला विचारलं पण नाही, आणि पेपरात फोटो कुणाचा तर चेक देताना मालकांचा. बायको म्हणते पुण्याचं काम आहे, गप बसा. मला वाटतं दानधर्म पैसेवाल्यांनी करावा, आमच्यासारख्यांनी घर चालवलं तरी खूप झालं. माझं काही चुकतंय का?

उत्तर : आधी पगाराचं सांगते, ते सोपं आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय पगारातून देणगी कापता येत नाही, चांगल्या कामासाठी असली तरी नाही. आणि तुमच्या कंपनीला सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजकामावर खर्च करायचा, कायदा लागू असेल, म्हणजे नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यातलं काहीही एक, तर 2014 पासून मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च कंपनीनं स्वतःच्या खिशातून करायचा असतो. कामगारांकडून गोळा केलेला पैसा त्यात धरायचा नसतो. तुम्ही अकाउंटलाच आहात ना, मग तो चेक कुठल्या खात्यात नोंदवलाय ते बघणं तुम्हाला अवघड नाही, फक्त भांडायला एकटे जाऊ नका, चार जण मिळून एचआरला मेल करा आणि भाषा गोड ठेवा.

आता मोठा प्रश्न. श्रीमंतांनी द्यावं का, तर हो, जास्त द्यावं, आणि त्यात उपकाराचा भाव नको. आपल्याकडे वारसा संपत्तीवरचा कर 1985 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये गेला, आणि ते 2 टक्के सुद्धा कंपनीचे असतात, मालकाचे नाही, म्हणजे ज्याच्याकडे पिढीजात शेकडो कोटी आहेत त्यानं एक रुपया नाही दिला तरी त्याला विचारणारं कुणी नाही. जे देतात त्यांचं कौतुक आहेच पण अजून एक गंमत बघा. जुन्या टॅक्स पद्धतीत 80जी (देणगीवर करसवलत देणारं कलम) खाली एखाद्यानं 1 लाख दिले, त्यातल्या 50 टक्क्यांवर सूट मिळाली आणि तो 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असला, तर त्याचे 15 हजार वाचतात, सेस वेगळा. ते 15 हजार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्यातून गेले. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर 80जी ची सूट मिळतच नाही, तुम्ही पाचशे दिले तर ते पूर्ण पाचशे तुमचेच. फोटोत कुणी असायला पाहिजे होतं ते ठरवा आता!

पण म्हणून सामान्यांनी हात आखडता घ्यावा हे मला पटत नाही, आणि ते पुण्याबिण्यासाठी नाही. मी बरीच वर्षं ट्रस्टचे हिशोब बघतेय, त्यात एक गोष्ट सारखी दिसते. मोठ्या देणगीतून इमारत होते, दारात पाटी लागते. त्या इमारतीतल्या बाईंचा पगार, लाइट बिल, गॅस सिलेंडर, पोरांच्या वह्या, याला मोठा देणगीदार सहसा पैसे देत नाही, कारण लाइट बिलावर नाव कोरता येत नाही. तो खर्च निघतो महिन्याला दोनशे-पाचशे देणाऱ्यांच्या जिवावर.

काही कामं मात्र वर्गणीतून होतच नाहीत हे पण मान्य करायला हवं. मुंबईत माहीम आणि वांद्र्याच्या मधे खाडी होती, लोक होडीनं जायचे, बुडायचे, सरकार पूल बांधायला तयार नव्हतं, तेव्हा लेडी जमशेटजींनी, म्हणजे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नीनं, आधी 1 लाख आणि खर्च वाढला तसे वर 57 हजार दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला, टोल घ्यायचा नाही या अटीवर. घरटी चार आणे गोळा करून हे कधी झालं असतं? (सर जमशेटजींच्या त्या पैशात कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचा पण वाटा होता. त्यामुळे कॉजवेचे आभार मानताना मी थोडी थबकते, पण त्यावरून जाते मात्र नेहमी.)

आता दुसरी बाजू. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना, 1908 चा. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत फिरून तो फंड उभा केला, टिळकांचा पाठिंबा होता, आणि त्यातून स्वदेशी काच बनवायला लागले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत सुरू केली, नंतर साताऱ्यात बोर्डिंग, तिथल्या पोरांच्या जेवणासाठी घराघरातून मूठमूठ धान्य यायचं, कमी पडलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्र सुद्धा. ज्या बाईनं मूठभर ज्वारी बाजूला काढली तिला ती शाळा आपली वाटली, तिनं शेजारणीच्या पोराला पण तिथे घातलं. श्रीमंताच्या चेकनं हे होत नाही, चेक कितीही मोठा असो.

दोन्ही एकत्र बघायचं असेल तर महर्षी कर्वे. 1896 पासून अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव फिरून मिळेल ती रक्कम गोळा करत राहिले, 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख दिले. विद्यापीठाला नाव मिळालं त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, आपण म्हणतो ते एसएनडीटी. आधीची वीसेक वर्षं ज्यांनी रुपया-आठ आणे दिले त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. पण ते काम उभं नसतं तर ठाकरसींनी 15 लाख दिले कशाला असते?

तर तुमचं अर्धं बरोबर आहे. कापलेला पगार ही देणगी नव्हे, त्याचा राग दानधर्मावर काढू नका. महिनाअखेर उधारी होत असेल तर सध्या काहीच देऊ नका, कर्ज काढून दान करायला कुणी सांगितलं नाही. हात थोडा सुटला की एकच संस्था निवडा, शक्यतो जाऊन बघता येईल अशी जवळची, तिला महिन्याला शंभर द्या पण न चुकता, आणि वर्षाच्या शेवटी ऑडिट झालेला हिशोब मागा. शंभर रुपये देणाऱ्यानं हिशोब मागितला की ट्रस्टी आधी दचकतात, मग सुधारतात.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखे मेसेज येतात, अमक्याच्या बाळाचं ऑपरेशन, 8 लाख पाहिजेत, क्यूआर कोड. खरं किती, खोटं किती? दिले नाहीत तर रात्री झोप लागत नाही.

उत्तर : क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे ते बघा, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात पेशंटच्या नावानं भरता येतात का ते विचारा, जमत नाही म्हणाले तर थांबा. फोन करून वॉर्ड नंबर विचारायला लाजू नका.

पण पैसे देण्याआधी त्या घरच्यांना एक गोष्ट विचाराच, हॉस्पिटल धर्मादाय आहे का? मुंबई हायकोर्टानं 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि अजून 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, शिवाय एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या फंडात टाकावी लागते. चकाचक लॉबीची मोठमोठी हॉस्पिटलं पण यात येतात, पण लॉबीत हे कोण सांगत नाही. तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटायचं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन, नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायची. जोडीला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते पण बघायचं. सोसायटीतल्या एखाद्या रिटायर्ड काकांनी त्या बापाबरोबर दोन दिवस ही कागदपत्रं घेऊन फिरणं हे दहा जणांच्या हजार-हजारापेक्षा कधी कधी जास्त कामाला येतं. एवढं करून पैसे कमी पडले तर मग ग्रुपवर वर्गणी काढा, आणि बिल ग्रुपवर टाकायला सांगा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. गावच्या शाळेला, कोकणात, कंप्युटरसाठी पैसे पाठवायचेत. मित्र म्हणतो एफसीआरएचा, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याचा, लफडा होईल. खरं का?

उत्तर : पासपोर्ट कुठला त्यावर आहे. अजून भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवा, ती विदेशी देणगी धरत नाहीत, मात्र संस्थेला पासपोर्टची कॉपी द्या. अमेरिकन सिटिझन झाला असाल, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी, तर ती विदेशी देणगीच. मग शाळेच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यांच्या एफसीआरए खात्यातच यावे लागतात. भावाच्या खात्यात टाकून त्याच्याकडून देऊ, असला शॉर्टकट करू नका, अडकेल ती संस्था. आणि कंप्युटर पाठवण्याआधी हेडमास्तरांना विचारा, शाळेत दिवसा लाइट किती तास असते.